मोहावीच्या मुलखातील ठेंगणे डोंगर

सह्याद्रीच्या घाटवाटांवर पाय तयार झालेला आपला मनुष्य नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थिरावला, की पहिल्याच हिवाळ्यात मोहावी वाळवंटाकडे वळतो, आणि अंबॉय विवराचा काळा शंकू भोवतालच्या लाव्हाच्या मैदानातून जेमतेम ७५ मीटर वर आलेला पाहून त्याची गणना टेकाडांत करून मोकळा होतो. त्या मुलखात मात्र डोंगराची उंची फारसे काही सांगत नाही. तो घडला कसा, हे प्रथम पाहावे, म्हणजे वाटही आपोआप उलगडते.

दख्खनचा कातळ आणि हा शंकू, दोन्ही बेसॉल्टचेच. परंतु आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा लांबलचक भेगांतून उचंबळून थरावर थर पसरला, सबब आपल्या वाट्यास कडे आणि पदर आले. येथे वायूने फसफसलेला लाव्हा एका मुखातून उंच उडाला, हवेतच थिजून त्याचे सच्छिद्र खडे झाले आणि ते मुखाभोवती साचत गेले. अशी सुट्या खड्यांची रास तीस-तेहतीस अंशांच्या उतारावर कशीबशी तोल सांभाळून असते. पाऊल पडताच तो ढळतो, आणि नाकासमोर चढू पाहणारा दोन पावले वर जाऊन एक पाऊल खाली येतो. सुट्या भिंतींना आतील लाव्हाचा भार पुष्कळदा पेलत नाही व तो एखादी बाजू फोडून वाहतो. अंबॉयचे हे खिंडार पश्चिमेस आहे, आणि रुळलेली पायवाट शंकूला वळसा घालून नेमकी तेथूनच आत शिरते. घसाऱ्यावरून उतरताना शरीर मागे रेलू न देता टाच रोवावी, आणि कोणीही दुसऱ्याच्या बरोबर वर राहू नये, कारण सुटलेला दगड मधे अडत नाही. खड्यांच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. हातमोजे ही चैन नव्हे.

जोशुआ ट्रीच्या परिसरातील ग्रॅनाइटच्या डोंगरांची तऱ्हा निराळी. तेथे कातळ घट्ट असतो, पण त्यावर झिजलेल्या खडकाची कणी पसरलेली असते, आणि आपल्याकडील निसरड्या शेवाळाइतकीच ती दगा देते. तेव्हा पाऊल टाकण्यापूर्वी जागा बुटाने झाडून घ्यावी, आणि ज्या टप्प्यावरून उतरता येणार नाही तो चढूही नये. धारेवरून चढणाऱ्यास चुकण्याची धास्ती थोडी, कारण साऱ्या धारा माथ्याशी एकवटतात. उतरताना त्याच धारा फाटत जातात आणि चुकीची सोंड धरणारा भलत्याच खोऱ्यात पोचतो. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून खूण मनात ठेवावी. चोया नावाच्या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. ते बोटांनी उपटू जाता बोटेही अडकतात, तेव्हा टक्कल पडलेल्या गृहस्थांनीही खिशात कंगवा बाळगावा आणि तुकडा त्याने उडवावा.

आणि पाणी. आपल्या गडांवर पूर्वजांनी खोदलेली टाकी असतात; या डोंगरांवर ना टाके, ना झरा, ना सावली. दिवसाला माणशी चार लिटरांचा बंदोबस्त घरूनच करावा, आणि निम्मे संपण्याच्या आत परतीला लागावे. नोव्हेंबर ते मार्च हाच काय तो हंगाम. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळे खडे हवेहूनही तापतात. कोरड्या ओढ्यात मुक्काम टाकू नये, कारण दूरवर झालेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येतो.

कोठे चढावे याला सरकारी हद्दही असते. ॲरिझोनातील सनसेट विवर हा इसवी सन १०८५ च्या सुमारास उसळलेला, सुमारे तीनशे मीटर उंचीचा शंकू मोठा मोहक आहे. परंतु चढणाऱ्यांच्या पावलांनी त्याच्या उतारावर खोल चर पडल्याने १९७३ पासून त्यावर चढण्यास मनाई आहे. विरळ पावसाच्या मुलखात असे चर बुजत नाहीत, त्यामुळे हा हुकूम रास्तच म्हणावा लागतो. चढाईची हौस शेजारच्या लेनॉक्स विवरावर भागते; तेथे परवानगीची पायवाट असून चढ साधारण ८५ मीटरांचा आहे.