आधी जमीन, मग हप्ता

नोकरीची सगळी वर्षं मी मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. टेबलापलीकडे रिक्षावाले, नर्सा, शिवणकाम करणाऱ्या बायका, सफाई कामगार, पतपेढीतले कारकून बसायचे. निवृत्तीनंतर वस्त्यांमधल्या गृहनिर्माण संस्थांना कर्जाची कागदपत्रं लावून देते. परवडणाऱ्या घरांची सरकारी धोरणं मी नंतर वाचली. त्याआधी ती माझ्याकडे माणसांच्या अर्जांतून आली होती, आणि अर्ज वाचता वाचता जे पटत गेलं ते इथे लिहिते आहे.

१. घर परवडतं की नाही, हे पगाराला विचारावं

जीएसटीच्या हिशेबात ४५ लाखांपर्यंतचं लहान घर ‘परवडणारं’ ठरतं आणि बांधकाम चालू असताना घेतलं तर त्यावर १ टक्का कर लागतो. हे घर मुंबईत घ्यायचं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३६ लाख कर्ज मिळेल. ९ लाख स्वतःचे, ६ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार. चावी हातात पडण्याआधी १२ लाख रुपये गाठीशी हवेत. पुढे ९ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता महिना सुमारे ३२,४०० रुपये. मिळकतीच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता झेपतो असं धरलं, तर घरात महिना ८० हजार यायला हवेत.

आता हिशेब उलटा करा. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल उत्पन्न गटाची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. त्यातून १० हजारांचा हप्ता जाऊ शकतो आणि त्यावर ११ लाखांचं कर्ज बसतं. मुंबईच्या हद्दीत ११-१२ लाखांत कायदेशीर नवं घर कोणता बिल्डर देतो? व्याज एखाद्या टक्क्याने खाली आणून हे अंतर मिटत नाही. किंमतच खाली यावी लागते, आणि मुंबईत घराच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा जमिनीचा असतो.

२. पगाराची स्लिप नाही म्हणजे पत नाही, असं नव्हे

फॉर्म १६ आणणाऱ्याला, समजा, ९ टक्क्यांनी कर्ज मिळतं. रोज कमावणाऱ्या इडलीवाल्याला बँक दारातूनच परत पाठवते आणि तो १२ टक्के किंवा त्याहून महाग कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातो. ८ लाखांवर २० वर्षांत या ३ टक्क्यांचा फरक महिन्याला सुमारे १,६०० रुपये पडतो. त्याच्या घरात ती मुलाच्या शिकवणीची फी असते.

अशा माणसाची पत तपासता येते. भिशीचा हप्ता चुकतो का, वीजबिल वेळेवर भरतो का, शाळेची फी थकली आहे का, घाऊक बाजारातला व्यापारी त्याला किती उधारी देतो, हे संध्याकाळी त्याच्या गल्लीत जाऊन विचारलं की कळतं. त्याला वेळ लागतो, आणि छोट्या कर्जासाठी एवढा वेळ घालवणं बँकेला महाग पडतं. म्हणून सरकारी हमी हवी. अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी २०१२ मध्ये जोखीम हमी निधी उभा राहिला आणि अलीकडे तो १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींवर नेण्याचं ठरलं. माझ्या मते सरकारने गृहनिर्माणावर खर्च केलेला हा सर्वांत शहाणा पैसा आहे, कारण एका रुपयाच्या हमीवर बँकांचे कितीतरी रुपये बाहेर पडतात.

३. अनुदान कुणाच्या खिशात उतरतं ते बघावं

२०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेतून व्याज अनुदानाची योजना आली. दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला २ लाख ६७ हजारांपर्यंतची रक्कम थेट कर्जखात्यात मिळे. चांगली योजना. खऱ्या गरजूंचे हप्ते मी तिने उतरताना पाहिले. घर बाईच्या नावावर किंवा निदान जोडनावावर असण्याची अट तर मला फार मोलाची वाटते. नवऱ्याने सोडून दिल्यावरही त्याच घरात राहिलेल्या बायका मला माहीत आहेत.

पण नायगाव, बदलापूर, टिटवाळ्याच्या जाहिरातींत ही रक्कम मोठ्या अक्षरांत झळकायची आणि विक्रीवाले ती किमतीतून वजा करूनच भाव सांगायचे. घरं मोजकी आणि घेणारे भरपूर असले की अनुदानाचा काही भाग विकणाऱ्याकडेच वळतो. आता योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घराला पाच वर्षांत १ लाख ८० हजारांपर्यंत मिळतात. मिळावेतच. मात्र मागणीच्या बाजूला पैसा ओतताना पुरवठ्याच्या बाजूला सरकारने जमीन आणली नाही, तर भाव हलत नाहीत.

४. चारकोप एकदा तरी पायी फिरून बघावं

१९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी सरकारने तयार घरं बांधण्याऐवजी आखलेले छोटे भूखंड दिले. रस्ता, पाणी, मलनिःसारण सरकारचं. भिंती आणि छप्पर कुटुंबाचं. भूखंड लहान, चौकाभोवती मांडलेले, आणि लोकांच्या सहकारी संस्था केलेल्या. काही मोठे आणि व्यापारी भूखंड बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून छोटे भूखंड स्वस्त ठेवायचे, अशी आर्थिक रचना. त्या काळी जागा आडबाजूला होती, घरं अर्धवट दिसत होती, आणि प्रकल्प फसला असं बऱ्याच जाणत्या लोकांचं मत झालं होतं.

आज तिथे जा. पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब आला, मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला चढला, खाली पिठाची गिरणी किंवा झेरॉक्सचं दुकान निघालं. गल्ल्या सरळ, झाडं मोठी, शाळा आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. २०१८ मध्ये अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहती पुन्हा तपासल्या, तेव्हा ज्याला अपयश म्हटलं होतं ते यश निघालं. मूळचे सगळे तिथे राहिले नाहीत, काहींनी विकून टाकलं, हे खरं. तरी वस्ती कायदेशीर, आखीव आणि मध्यम-अल्प उत्पन्नाच्या लोकांचीच राहिली. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत मुंबईत झालेला हा सर्वांत चांगला गृहनिर्माण प्रयोग आहे, आणि तो आपण पुढे चालवला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याला एक आकडा जोडते. २०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञगटाने शहरी भारतात १ कोटी ८८ लाख घरं कमी असल्याचं सांगितलं. त्यात सुमारे दीड कोटी कुटुंबं अशी होती, ज्यांना घर होतं पण दाटीवाटीचं. सासूसासऱ्यांसह एका खोलीत संसार करणाऱ्या अशा कुटुंबांतल्या कित्येकांना लांबच्या नव्या फ्लॅटपेक्षा आहे तिथे आणखी एक खोली हवी असते. त्यासाठी ३-४ लाखांचं कर्ज लागतं. पण जमिनीचा कागद नसल्यामुळे बँक ते देत नाही. कागद द्या, भाडेपट्टा संस्थेच्या नावाने करा. खोली लोक आपल्या ऐपतीने बांधतात.

५. संघटना असेल तर कामगाराचा वाटाही उभा राहतो

सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी हे दाखवलं आहे. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती कामगारांच्या हाती आली. त्यानंतर रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. घरामागे केंद्राचा वाटा दीड लाख, राज्याचा १ लाख, उरलेला कामगारांचा. विड्या वळणाऱ्या हातांकडे बँकेला दाखवायला काही नव्हतं, संस्था मात्र होती.

६. फुकट घराचा खर्च पुढे सुरू होतो

झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ नंतर मोफत घर मिळू लागलं. पैसा येतो विक्रीच्या इमारतीतून, म्हणून योजना मोक्याच्या जागी धावते आणि जिथे भाव कमी तिथे रखडते. रखडली की बिल्डरने द्यायचं भाडं थांबतं आणि माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी होतात. घर मिळालंच तरी उंच इमारतीत लिफ्ट, पंप, विमा, रंग यांचा महिन्याचा खर्च सुरू होतो. लिफ्ट बंद पडल्यावर वरच्या मजल्यावरची आजी महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. कमी उंचीची, दाट, चार-पाच मजली वस्ती गरिबाला सांभाळता येते. आराखडा मंजूर करणाऱ्याने देखभालीचा हिशेबही मागायला हवा.

७. भाड्याच्या घराला धोरणात जागा हवी

गावाहून नुकत्या आलेल्या पोराला घर विकत नको असतं, महिना ४-५ हजारांत सुरक्षित खोली हवी असते. १९४७ च्या भाडे नियंत्रणाने भाडी गोठली आणि भाड्याच्या चाळी बांधणं थांबलं. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तीही काही वर्षांत गुंडाळली. नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींनी कामगारांसाठी भाड्याची घरं बांधून स्वतःकडेच ठेवावीत. ती विकू नयेत.

८. सरकारी जमीन एकदा गेली की परत येत नाही

१९९१ च्या नियमाप्रमाणे मुंबईच्या गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत जायची होती: महापालिका, सरकारी घरं बांधणारी म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि फक्त मोकळ्या जमिनीची वाटणी उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सुमारे ६०० एकरांपैकी घरांच्या वाट्याला तुकडे आले. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य आहे आणि सरकारी जमिनींची नोंद करून ‘लँड बँक’ करण्याची भाषाही आहे. ही नोंद सर्वांना बघता येईल अशी हवी, आणि त्यातली जमीन लिलावात काढण्याऐवजी दीर्घ भाडेपट्ट्याने सहकारी संस्थांना द्यायला हवी.

तुमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातील. आपली इमारत रस्तारुंदीत जाते का, एवढंच पाहून परतू नका. स्वस्त घरांसाठी ठेवलेलं कोणतं आरक्षण वगळलं आहे ते नकाशावर शोधा, लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला चार शेजारी बरोबर घेऊन जा.