व्हर्च्युअल मशीन: ब्राउझर की डेस्कटॉप?

प्रश्न: ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन सांभाळायला व्हर्ट-मॅनेजर बरा की कॉकपिट?

उत्तर: रोजच्या कामाला कॉकपिट घ्या, पण व्हर्ट-मॅनेजर काढून टाकू नका. कॉकपिटमध्ये मशीन सुरू-बंद करणं, मेमरी वाढवणं कुठल्याही ब्राउझरमधून होतं; प्रत्येक पीसीवर वेगळं सॉफ्टवेअर बसवायची कटकट नाही. हार्डवेअरच्या बारीकसारीक सेटिंग्जना मात्र अजून व्हर्ट-मॅनेजरच सोयीचा. रेड हॅटने आरएचईएल ८ पासून त्याला निवृत्तीच्या यादीत टाकलं, मग जुन्याला कशाला धरून बसायचं, असं कोणी म्हणेल. पण वेबवरचं तेवढं टिकाऊ, हाही भ्रमच: व्हीएमवेअरचा वेब क्लायंट फ्लॅशवर उभा होता आणि २०२० अखेर फ्लॅशच संपलं! शिवाय व्हर्ट-मॅनेजर एसएसएचवरून चालतो, कॉकपिटला ९०९० पोर्ट लागतो. तो पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपुरताच ठेवा, बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून या.