मातीचे शिक्षण : वाडीतून सुरू होणारा व्यवसाय



"मुलांना शेतीचे शिक्षण दिले तर पुढे काय?" असा प्रश्न वसई-विरारकडील बागायतदार नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या विहिरीपासूनच सुरू होते.

पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा अशी ही पट्टी आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. तेच पाणी केळीला, पानवेलीला दिल्यास क्षार मुळांशी साठतात व पानांच्या कडा करपतात. मग कोणी जिप्सम सुचवतो, कोणी जादा खत. पैसा जातो, वाडी सुधारत नाही.

निदान महत्त्वाचे

संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, परंतु सामू ८.५ पेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. तिला जिप्सम नको. चर काढून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. सामू ८.५ पेक्षा जास्त व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास जमीन चोपण होय. तेथे जिप्सम उपयोगी पडते. हा फरक ओळखणे हेच मृदशास्त्रज्ञाचे काम.

शिक्षण व संधी

बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी) पदवी घेता येते. पुढे मृद विज्ञान व कृषी रसायनशास्त्र विषयात एम.एस्सी. करावी. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात ही सोय आहे. माती परीक्षण प्रयोगशाळा, कृषी खाते, कोसबाडसारखी कृषी विज्ञान केंद्रे, खत व ठिबक कंपन्या येथे कामाची संधी असते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २ व ३ या क्षार सहन करणाऱ्या भातजाती दिल्या, त्या अशाच अभ्यासातून. सरकारी जागा मोजक्या व स्पर्धा मोठी, हेही ध्यानात ठेवावे. मात्र नोकरी न मिळाली तरी हे ज्ञान घरची वाडी राखते.

पहिला धडा

एप्रिल-मे महिन्यांत मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या. वाडीत आठ-दहा ठिकाणी २० सें.मी. खोल खड्डे घेऊन माती एकत्र करा. उकिरड्याजवळची किंवा नुकतेच खत दिलेली जागा टाळा. अर्धा किलो नमुना व बाटलीभर विहिरीचे पाणी तपासणीस पाठवा. अहवाल आल्यावर तो मुलांकडूनच वाचून घ्या.