बुडणारा फ्लोट

प्रश्न : माझ्याकडे जुनी येझदी आहे. उभी केली की कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतं, प्लग ओला होतो. नीडल साफ केली, तरी तेच. फ्लोट पितळी आहे. बदलू की दुरुस्त करू? – एक वाचक, आलापल्ली (जि. गडचिरोली)

उत्तर : आधी फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली, तर त्यात पेट्रोल शिरलंय. जड झालेला फ्लोट वर उचलला जात नाही, नीडल बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं.

भोक शोधायला कडकडीत पाणी पुरतं. पाणी स्टोव्हपासून दूर, अंगणात आणा आणि फ्लोट त्यात बुडवा. बुडबुडे निघतील तिथे खूण करा. मग भोक खाली धरून, पुन्हा पुन्हा गरम पाण्यात घालून आतलं पेट्रोल पूर्ण काढा आणि एक-दोन दिवस वाळू द्या. यात घाई नको. आत वाफ उरली असताना डाख लावायला गेलात, तर फ्लोट फुटतो.

डाख अगदी थेंबभर. जास्त झाला की वजन वाढतं, पेट्रोलची पातळी चढते, गाडी धूर ओकते. गोंद, एम-सीलचा उपाय मला पटत नाही. पेट्रोलमध्ये, त्यातही हल्लीच्या इथेनॉलवाल्यात, तो किती टिकेल याचा भरवसा नाही.

फ्लोट पिचला असेल किंवा प्लास्टिकचा असेल, तर सरळ बदला. जुन्या येझदीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यामुळे नवा फ्लोट शोधायला चंद्रपूरला जाताना जुना फ्लोट नमुन्याला सोबत न्या.

तोवर गाडी थांबवली की पेट्रोल कॉक बंद करा. आणि मोहफुलांच्या दिवसांत, झाडाखालचा पालापाचोळा पेटवलेला असतो तिथे, ती उभी करू नका.