झेरॉक्स मशीनची काळी पावडर : टोनर हाताळताना घ्यायची काळजी



चाचणी जवळ आली की शाळेतल्या झेरॉक्स मशीनला उसंत नसते. प्रश्नपत्रिका, स्वाध्यायपत्रिका, पालकांना द्यायच्या सूचना, सगळं एकाच मशीनवर. आणि नेमकी त्याच वेळी छपाई फिकी येऊ लागते. मग वर्तमानपत्र पसरून टोनर रिफिल होतो, टेबलावर सांडलेली काळी पावडर कुणीतरी फुंकर मारून उडवतं आणि रिकामं कार्ट्रिज एखाद्या मुलाच्या हाती दिलं जातं, "जा रे, कचऱ्यात टाकून ये."

हे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. म्हणूनच आज या पावडरीची नीट माहिती घेऊया. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण निष्काळजीपणाही नको.

टोनर म्हणजे काय?

बरेच जण टोनरला शाई म्हणतात. पण टोनर ही शाई नाही, ती कोरडी पावडर आहे. तिच्यात सर्वाधिक भाग प्लास्टिकचा असतो. काळा रंग येण्यासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखा बारीक कार्बन घातलेला असतो. शिवाय थोडं मेण, सिलिका आणि काही प्रकारांत लोहाचं ऑक्साइड असतं.

मशीन कसं चालतं?

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. झेरॉक्स मशीन याच स्थिर विद्युतवर चालतं. आतल्या ड्रमवर विद्युतभार दिला जातो. प्रकाश पडतो तिथला भार निघून जातो आणि अक्षरांच्या आकारात भार उरतो. त्याला टोनर चिकटतो, तिथून कागदावर येतो आणि शेवटी गरम रोलरखाली वितळून पक्का बसतो. मशीनमधून आलेला कागद कोमट लागतो तो यामुळेच.

हे तंत्र चेस्टर कार्लसन यांनी शोधलं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया भागात त्यांनी पहिली प्रत काढली. तिच्यावर तीच तारीख आणि त्याच जागेचं नाव होतं. 'झेरॉक्स' हा शब्द कोरडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

लक्षात ठेवायचे तीन गुण

टोनरचे तीन गुण लक्षात राहिले की सगळे नियम आपोआप लक्षात राहतात.

१) ती अतिशय बारीक आहे. एक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. इतके बारीक कण हवेत बराच वेळ तरंगतात. त्यातले सर्वांत लहान कण नाकातल्या केसांना चुकवून आत खोलवर जाऊ शकतात.

२) ती प्लास्टिक आहे. उष्णता मिळाली की मऊ होते आणि चिकटते. शिवाय ती जळणारी आहे.

३) तिच्यावर विद्युतभार सहज येतो. म्हणून ती हाताला, कपड्यांना, भिंतीला चिकटून बसते.

आरोग्याला धोका कशाचा?

हाताला थोडी पावडर लागली म्हणून विषबाधा होत नाही. खरा धोका ती हवेत उडण्यात आहे. श्वासातून गेल्यावर शिंका, खोकला, घशात खवखव होते. दमा किंवा अॅलर्जी असलेल्यांना जास्त त्रास होऊ शकतो. डोळ्यांत गेली तर चुरचुर होते.

"टोनरने कॅन्सर होतो का?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅकला 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात ठेवलं आहे. त्यामागे मुख्यतः उंदरांना भरपूर प्रमाणात ही धूळ हुंगवून केलेले प्रयोग आहेत. टोनरमध्ये हा कार्बन प्लास्टिकच्या कणात बंदिस्त असतो. त्यामुळे अधूनमधून कार्ट्रिज बदलणाऱ्याने धास्ती घेऊ नये. मात्र रोज सुटी पावडर भरणाऱ्याने जपायलाच हवं.

आणखी एक गोष्ट. १९८० साली काही टोनरमधल्या कार्बन ब्लॅकमध्ये नायट्रोपायरीन नावाची, जनुकांत बदल घडवू शकणारी अशुद्धी आढळली. त्यानंतर कार्बन ब्लॅक तयार करण्याची पद्धत सुधारून तिचं प्रमाण खूप कमी करण्यात आलं. यातून आपण काय घ्यायचं? पावडर कुठून आली आणि तिच्यात काय आहे, हे माहीत असणं महत्त्वाचं. बिननावाच्या पिशवीतली स्वस्त पावडर घेताना हा विचार जरूर करा.

मशीन चालू असताना येणारा उग्र वास ओझोन वायूचा असू शकतो. जुन्या मशीनमध्ये तो जास्त तयार होतो. बंद खोलीत त्याने डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. म्हणून मशीन खिडकीजवळ ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. मशीनची गरम हवा कुणाच्या तोंडावर येणार नाही असं पाहा. पोषण आहाराच्या धान्याची पोती त्याच खोलीत असतील तर ती आधी हलवा.

पावडर सांडली तर काय करावं?

• पंखा बंद करा. मुलांना खोलीबाहेर पाठवा.
• फुंकर मारू नका, कोरड्या झाडूने झाडू नका.
• हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. ओलसर फडक्याने हळूच टिपून घ्या. फडकं पिशवीत बांधून टाका.
• घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका. बारीक कण त्याच्या फिल्टरमधून पुन्हा खोलीत येतात आणि ठिणगीने पेट घेण्याचा धोका असतो.
• हात व कपडे थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने पावडर मऊ होऊन धाग्यांना चिकटते. डाग असताना इस्त्री तर अजिबात नको.

अडकलेला कागद काढताना मशीन आधी बंद करा. आतला गरम रोलर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असू शकतो. तो निवू द्या, मगच हात घाला.

प्रथमोपचार

डोळ्यांत गेल्यास चोळू नका, किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. श्वासातून गेल्यास मोकळ्या हवेत या. तोंडात गेल्यास चूळ भरा आणि थोडं पाणी प्या. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा.

रिकाम्या कार्ट्रिजचं काय करायचं?

रिकामं म्हटलं तरी आत थोडी पावडर उरतेच. म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नका आणि शाळेमागच्या खड्ड्यात जाळू तर मुळीच नका. हवेत उडालेली बारीक पावडर ठिणगी मिळताच भडकन पेटते. पिठाच्या गिरणीत उडणाऱ्या पिठाचंही तसंच असतं. कार्ट्रिज पिशवीत बांधून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे. त्यामुळे ते भंगारात न घालता विक्रेत्याकडे परत द्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा.

आपल्या शाळेत रिफिल करायला येणारे दादा दिवसातून कितीतरी ठिकाणी हे काम करतात. सर्वांत जास्त पावडर त्यांच्याच श्वासात जाते. पुढच्या वेळी ते आले की त्यांना वर्गाबाहेर मोकळ्या जागी बसवा, एक मास्क द्या आणि फुंकर मारू नका असं आपुलकीने सांगा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) टोनरचे डाग गरम पाण्याने का धुऊ नयेत?
२) कंगव्याचा प्रयोग आणि झेरॉक्स मशीन यांत सारखं काय आहे?
३) सांडलेली पावडर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपणं चांगलं का?

ही माहिती कार्यालयात मशीनशेजारी लावून ठेवा. आपल्या सहकाऱ्यांनाही जरूर सांगा.