आठवड्याचा बाजार आणि वाढते भाव

पाचशे रुपयांत भरणारी पिशवी आता सहाशे रुपयांतही भरत नाही, ही तक्रार दिल्लीच्या सरकारी वसाहतीत जशी ऐकू येते तशीच कोइमतूरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतही ऐकू येते. तक्रार खरी असते. पण पिशवी नेमकी कशामुळे हलकी झाली हे कळल्याखेरीज कुटुंबाला आपला बाजार सावरता येत नाही. आणि बहुधा ते कळून घेण्यापूर्वीच घरात काटछाट सुरू झालेली असते.

उत्पन्न जितके कमी तितका त्यातील मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून मांडला. भारतातील पाहण्याही तेच सांगतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ५९ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४८ टक्के रक्कम अन्नावर जात असे. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४६ आणि ३९ टक्क्यांवर आले. तथापि ही सरासरी होय. मोलमजुरीवर जगणाऱ्या घरात अन्नाचा वाटा याहून बराच अधिक असतो आणि भाववाढीचा पहिला घाव तेथेच बसतो.

काटछाट कशात होते, हे पाहण्यासारखे आहे. भाडे, शाळेची फी, वीज यांत हात आखडता घेता येत नाही. मग दूध अर्ध्या लिटरवर येते, डाळ पातळ होते, फळे बंद होतात. आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला उरलेले येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याला महागाई हेच एकमेव कारण आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु हिशेब न करता केलेली काटकसर कोणाच्या ताटातून होते, हे त्यावरून लक्षात यावे.

सर्व भाववाढ एका जातीची नसते. भाजीपाल्याची भाववाढ ऋतूवर अवलंबून असते; ती झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. जुलै २०२३ मध्ये भाजीपाल्याचा किरकोळ भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत ३७ टक्क्यांहून अधिक चढला होता. टोमॅटो अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि केंद्र सरकारला तो सहकारी संस्थांमार्फत सवलतीने विकावा लागला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मात्र काही भागांत भाव इतके कोसळले की उत्पादकांना तोडणीचा खर्चही निघेना. अशा भाववाढीत धीर धरणे हाच उपाय असतो. दोन महिने आंबटपणासाठी चिंच, आमसूल किंवा आमचूर वापरल्याने कोणाचे पोषण बिघडत नाही.

खाद्यतेलाचे तसे नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल परदेशातून आणतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्याने सूर्यफुलाच्या तेलाची आवक विस्कळीत झाली, आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. त्याची झळ येथल्या कढईपर्यंत पोहोचली. ही भाववाढ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरेल या आशेवर राहण्यात अर्थ नसतो. तेथे तळणाचे प्रमाण कमी करणे आणि जेथे जे तेल स्वस्त मिळते ते आलटून-पालटून वापरणे हाच मार्ग. डाळींच्या बाबतीत तूर महागली म्हणून डाळच सोडण्यापेक्षा मसूर किंवा हरभरा डाळीकडे वळावे. चवीची सवय मोडणे कठीण जाते हे खरे, पण प्रथिने मिळत राहतात.

भाववाढीचा तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो, कारण त्यात किंमत वाढतच नाही. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा पाच रुपयांनाच मिळतो. आतील बिस्किटे मात्र कमी होतात. समजा, पुड्याचे वजन ८० ग्रॅमवरून ६५ ग्रॅमवर आले. ग्राहकाच्या खिशातून पूर्वीइतकेच नाणे गेले, तरी त्याने ग्रॅममागे सुमारे २३ टक्के अधिक किंमत मोजली. भारतात पूर्वी चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, पीठ यांसारख्या वस्तू ठरावीक वजनांतच बांधण्याचे बंधन नियमांत होते. २०२१ साली नियम बदलले, ते बंधन उठवण्यात आले आणि त्याऐवजी पुड्यावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव, छापण्याची तरतूद आली. दुरुस्ती पुढे टप्प्याटप्प्याने अमलात आली. हा लहानसा आकडा वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे. त्यातही एक अडचण आहे. किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर ग्रॅमचा भाव असतो, अधिक वजनाच्या पुड्यावर किलोचा. म्हणून तुलना करताना ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणून घ्यावे लागते.

तेलाच्या पिशवीत घोटाळा आणखी वाढतो, कारण एक कंपनी लिटर सांगते तर दुसरी ग्रॅम. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. उदाहरणार्थ, एक लिटरची पिशवी १४५ रुपयांना आणि तिच्याएवढीच दिसणारी ७५० ग्रॅमची पिशवी १२६ रुपयांना असेल, तर दुसरी स्वस्त वाटेल. किलोचा भाव काढला की पहिली सुमारे १५९ रुपयांना आणि दुसरी १६८ रुपयांना पडते. सुपरमार्केटमध्ये छापील किमतीवर जी सूट दाखवतात तिचाही हाच न्याय. कमाल किरकोळ किंमत उत्पादकच ठरवतो. तेव्हा तिच्यावरील सूट किती यापेक्षा हाती येणारा किलो कितीला पडला, एवढेच पाहावे. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, हाही समज तपासून घ्यावा. आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या धान्यावर तो लावण्यात आला नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडील सुटी डाळ निवडून घेण्याची तयारी असेल, तर ती पुष्कळदा परवडते.

ज्याच्या हाती आठवड्याची मजुरी येते त्याला मात्र महिन्याचे वाणसामान एकदम घेता येत नाही. त्याला थोडे थोडे आणि म्हणून महाग घ्यावे लागते. यावरचा उपाय एकट्याचा नाही. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेन येथील ग्राहक सहकारी संस्था १९०४ सालीच निघाली होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर त्याच वर्षी दिल्लीच्या कॅनॉट प्लेस भागात सुपर बाजार उघडला. तो पुढे कर्जबाजारी होऊन बंद पडला. मुंबईत १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, आणि १९७५ मध्ये तेथेच ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारची काही कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि ठोक भावाने आलेला माल आपसांत वाटून घेतात, अशी तिची पद्धत. एका चाळीतील चार-पाच बिऱ्हाडांनी मिळून तांदळाचे पोते घ्यायचे ठरवले, तरी यातील बराचसा लाभ मिळू शकतो. फक्त तराजू आणि हिशेब दोन्ही सर्वांदेखत असावेत.

घरी एक वही ठेवावी. तारीख, वस्तू, वजन, दिलेले पैसे आणि किलोचा भाव, एवढे रकाने पुरतात. नेहमीच्या दहा-बारा वस्तू निवडून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच वजनाचा भाव लिहीत गेल्यास कुटुंबाचा स्वतःचा निर्देशांक तयार होतो. तो पुष्कळदा अनपेक्षित गोष्टी दाखवतो. असे समजा की टोमॅटो किलोमागे ६० रुपयांनी चढला आणि सहा आठवडे चढाच राहिला. आठवड्याला एक किलो घेणाऱ्या घराला त्याचे ३६० रुपये पडले. त्याच काळात दूध लिटरमागे ४ रुपयांनी वाढले आणि ते पुन्हा उतरले नाही. रोज एक लिटर घेणाऱ्या घराचा वर्षाचा बोजा त्यामुळे सुमारे १४६० रुपयांनी वाढला. घरात चर्चा टोमॅटोची होते.

वहीत आणखी एक रकाना असावा, जो हिशेबाच्या छापील वह्यांत आढळत नाही. दूध, डाळ, अंडी आणि फळे आठवड्यात किती आली, याबरोबरच ती कोणाला किती मिळाली, हे त्यात लिहावे. खर्च कमी करण्याची वेळ आली की वहीतले हेच पान प्रथम उघडावे.