विधी, नाद आणि प्रायोगिक रंगभूमी : 'महानिर्वाण'च्या निमित्ताने

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस विधी व नाट्य यांतील साम्य-भेद सांगता येतील आणि नाटकातील नादाचे कार्य स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन
विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी जे कोरपना, राजुरा, जिवती या भागांत राहतात, त्यांनी दिवाळीच्या सुमारास गोंड वस्त्यांतील दंडारी पाहिली असेल. मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी दिसण्यापूर्वीच ढोल ऐकू येतो आणि रोजचे अंगण विधीची जागा होते. ढोल येथे केवळ नृत्याला साथ करीत नाही. तो काळ व स्थळ बदलतो. भाषाविज्ञानात ज्यांना कृतिरूप उच्चार म्हणतात, ते माहिती देत नाहीत, घटना घडवितात. 'शुभमंगल सावधान' हे परिचित उदाहरण. विधीतील नादाचे कार्य असेच असते.

हे तत्त्व मराठी प्रायोगिक रंगभूमीने कसे योजिले, हे आता पाहू. पुण्याच्या थिएटर अकॅडमीची स्थापना १९७३ साली झाली. 'घाशीराम कोतवाल'प्रमाणेच या संस्थेच्या रंगदृष्टीत संगीत हा अलंकार नसून नाटकाची रचनाच आहे. १९७४ साली संस्थेने सतीश आळेकर लिखित-दिग्दर्शित 'महानिर्वाण' रंगमंचावर आणले. चाळीतील भाऊराव मरण पावतात आणि स्वतःच कीर्तनकार होऊन आपल्या मरणाचे आख्यान लावतात. बंद झालेल्या जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, हा त्यांचा हट्ट आहे.

टाळाचा ठेका ऐकताच श्रोता सवयीने सावरून बसतो. त्याला उपदेश अपेक्षित असतो. येथे मात्र नाद श्रद्धेकडे नेतो आणि शब्द हसवितात. या ताणातूनच नाटकाचा अर्थ आकारास येतो : अंत्यविधीची धावपळ चालू आहे, दुःख मात्र कोठे दिसत नाही.

एक दक्षता घ्यावी. दंडारी ही 'नाटकाची प्राथमिक अवस्था' होय, असे विधान उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ते योग्य नाही. दंडारी आपल्या परीने पूर्ण आहे. तेथे जमलेला समाज श्रद्धेने सहभागी असतो. 'महानिर्वाण' कीर्तनाचा आकार स्वीकारते, परंतु त्यामागील श्रद्धेला प्रश्न विचारते. भेद कार्याचा आहे, दर्जाचा नव्हे. म्हणून आपल्या गावचा ढोल ज्याने लक्षपूर्वक ऐकला आहे, तो या नाटकाच्या अभ्यासाला रिकाम्या हातांनी येत नाही.

स्वयं-अध्ययन
१. 'महानिर्वाण'मधील एक उतारा प्रथम मनात, नंतर टाळीच्या ठेक्यावर मोठ्याने वाचा. अर्थ कोठे बदलला, ते लिहा.
२. आपल्या परिसरातील एका विधीत नाद कोणते कार्य करतो? जाणत्यांच्या अनुमतीने माहिती घेऊन दहा ओळींत नोंदवा.